अण्णांचं जोडभिंग

माझे सासरे अण्णा एका वेळी दोन गोष्टी कधी बदलत नसत. लग्न होऊन मी झरीला आले, त्याच आठवड्यात माझ्या हातचा चहा त्यांना आवडला नाही. मी घाबरून दुसऱ्या दिवशी साखरही वाढवली आणि पत्तीही बदलली. चहा फक्कड झाला. अण्णा मात्र कप हातात धरून नाराज. "आता हा साखरेनं सुधारला का पत्तीनं, कसं कळावं? एका वक्ताला एकच बदलावं बाई. न्हाई तर कसूर कुणाचा ते कळत न्हाई." चहा चांगला झाल्याचं दुःख करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

गावच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी सहा इंची आरशाची दुर्बीण आणली आणि संध्याकाळी आमच्या स्लॅबवर माणसं जमायला लागली. सोयाबीन काढून थेट शेतातून आलेले लोकही अंगावरची धूळ झटकून चंद्र बघायला वर यायचे. कुणी खुळा प्रश्न विचारला की अण्णा चिडायचे, आणि कुणी काहीच विचारलं नाही की जास्त चिडायचे. घरात त्यांनी एकच दम दिलेला होता, "काचंला बोट लावलं तर माझ्या डोळ्यात बोट घातलं समजा."

दुर्बिणीच्या पेटीत बोटभर लांबीची एक नळी होती. बाजारात तिला बार्लो म्हणतात, अण्णा जोडभिंग म्हणायचे. डोळा लावायच्या भिंगाआधी ती बसवली की चित्र दुप्पट मोठं दिसायचं. माझी सासरची पहिली खंडेनवमी आली तेव्हा मी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा मांडली. माहेरी विळीपासून शिलाई मशीनपर्यंत सगळ्याला हळदकुंकू लागतं, मग दुर्बिणीनं काय घोडं मारलंय? नळकांड्याला बोट लावलं, खालच्या तीन पायांच्या तिकाटण्याला लावलं. जोडभिंगाची पाळी आली तेव्हा, झाकणाची कसली पूजा, म्हणून मी झाकण काढलं आणि आतल्या काचेवरच ओल्या हळदकुंकवाचं बोट टेकवलं. मग अण्णांचा दम आठवला. पदरानं खसाखसा पुसलं, झाकण लावलं आणि कुणाला काही बोलले नाही.

पुढं तीन दिवस आभाळ भरलेलं, दुर्बीण पेटीतच राहिली. चौथ्या दिवशी अक्का आल्या. अक्का म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहीण. आई लवकर गेल्यावर अण्णांना त्यांनीच वाढवलं. त्यांचा डावा डोळा काचबिंदूनं गेला होता. उजवा टिकवायचा तर रोज दोन वेळा औषधाचे थेंब घालायचे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण त्यांच्या पिशवीतल्या बाटलीचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं. अण्णा खूप बोलले. अक्का शांतपणे म्हणाल्या, "गेलेल्या डोळ्यात काय वतायचं दिगू? ह्योबी गेलाच की." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "साऱ्या गावाला शनी दाखवलास. मी आले की मी चुलीपाशी. उद्या सकाळच्या गाडीनं माघारी ताडकळसला जाणार हाय मी. आज मला दाखव."

अण्णा स्वयंपाकघरात माझ्यापाशी आले. त्यांचा आवाज कधी कापलेला मी ऐकला नव्हता. "तिला शनीचं कडं दिसलं ना, तर ती औषध घालील. डोळा अजून हाय, हे तिला पटलं पायजे." मी मान हलवली आणि स्लॅब गार व्हावा, बसायला बरं पडावं म्हणून वर पाणी मारून आले.

दिवस मावळून अंधार पडला तसा शनी दिसायला लागला. नुसत्या भिंगातून तो तिळाएवढा दिसायचा. अक्कांच्या अधू डोळ्याला त्यात कडं दिसणं शक्य नव्हतं. अण्णांनी जोडभिंग बसवलं. अक्का वाकल्या. बराच वेळ वाकून राहिल्या.

"नुसती धुई हाय, धुकं पडल्यावानी," त्या सरळ होत म्हणाल्या. "म्हणले नव्हते मी? गेला डोळा."

अण्णांनी स्वतः बघितलं. "अक्का, मलाबी धुईच दिसायलीय. कसूर दुर्बिणीचा हाय."

अक्का हसल्या. "तुला ताप आलता, तवा मीबी असंच म्हणायची. औषध कडू न्हाई म्हणून."

पूर्णेच्या बाजूनं ढग चढायला लागले होते आणि अक्का खाली जायला निघाल्या होत्या. अण्णांनी त्यांना हात धरून बसवलं. आधी त्यांनी नुसता स्पष्टतेचा स्क्रू मागंपुढं केला. धुई तशीच. मग स्लॅबला तळवा टेकवला. "पाणी कुणी मारलं? तापलेल्या स्लॅबची वाफ निघायलीय." आम्ही दोघांनी दुर्बीण उचलून अंगणातल्या मातीवर आणली. अक्का भिंत धरत जिना उतरल्या. चित्राची थरथर थांबली, धुई राहिलीच. मग अण्णांनी डोळ्याचं भिंग बदलून कमी ताकदीचं लावलं. तरी तेच. ते प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलत होते, आणि ढग काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हते. बदलण्यासारखं आता एकच उरलं होतं. खरं तर पहिल्याच वेळी बोलायला हवं होतं मी. भित्री होते, दुसरं काय.

"अण्णा," मी म्हणाले, "जोडभिंगाच्या काचेला माझं बोट लागलंय. खंडेनवमीला. मी पदरानं पुसलं."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. आता घर डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. पण बोलल्या त्या अक्का. "राहू दे पोरी. दोघं मिळून म्हातारीला नका फसवू." माझी कबुलीसुद्धा त्यांना दयेपोटीची वाटली. मला रडूच आलं.

मी कापूस आणायला धावले, तर अण्णा ओरडले, "थांब! पुसू नको. आता पुसलं आन् काच वाळंस्तवर ढग आले, तर तिला कधीच पटायचं न्हाई." त्यांनी ते डागाळलेलं भिंग होतं तसंच ठेवलं. "अक्का, परत डोळा लाव. धुईत एखादी रेघ दिसायलीय का?"

"हाय. उभी."

"हालू नको." अण्णांनी जोडभिंग जागच्या जागी हळूहळू फिरवलं.

"तिरपी झाली," अक्का म्हणाल्या. मग जरा थांबून, "दिगू, आडवी झाली की रे! फिरायलीय ती!"

"भिंग फिरवलं म्हणून फिरायलीय. दोष तुझ्या डोळ्यात असता तर माझ्या हातानं फिरला असता का?"

अक्कांनी दुर्बिणीवरून चेहरा उचलून अण्णांकडं बघितलं. अण्णांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी मागवलं, कापसाचा बोळा त्यात भिजवून काचेवरून न घासता अलगद फिरवला. दोन वेळा, तीन वेळा. कापूस पिवळा निघाला. काच वाळेपर्यंत ढगाची कड शनीजवळ पोचली होती. अक्का घाईनं वाकल्या.

"अगं बाई, वाळा घातलाय की रे त्यानं! तान्ह्या लेकरावानी."

मिनिटभरात ढगानं शनी झाकला. अक्का अंगणातल्या बाजेवर बसल्या, मान मागं टाकली आणि मला म्हणाल्या, "पिशवीतली बाटली आण पोरी. दे वतून." मी सील फोडलं आणि त्यांच्या उजव्या डोळ्यात थेंब सोडले. अण्णा दुर्बीण पुसून पेटीत ठेवत होते. माझ्याकडं न बघता त्यांनी एवढंच सांगितलं, "पूजा करायची तर झाकणासकट करावी." अक्कांनी त्यानंतर औषध एकदाही चुकवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात अण्णा गेले. कसलंच आजारपण नव्हतं, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. अक्का ताडकळसहून आल्या तेव्हा अंगण माणसांनी भरलेलं होतं. काठी टेकत येणाऱ्या म्हातारीला बघून कुणीतरी म्हणालं, "त्यांना दिसत न्हाई, वाट द्या, तोंडावरून हात फिरवू द्या."

"दिसतंय मला," अक्का म्हणाल्या. त्या अण्णांच्या उशाशी बसल्या आणि उचलेपर्यंत त्यांचा चेहरा बघत राहिल्या.