गुडघ्यावरचा ठेका

आमचं दोघांचं मिळून शेवटचं साधं काम म्हणजे मोबाइलवर चौकोन उडवणं. त्या दिवशी दुपारी जेवण झालं, बुढी, म्हणजे माही बायको, खाटेवर बसली, मी बाजूले. चौऱ्याण्णव टक्क्यांवर तिचा चौकोन काट्यावर आपटला. "ह्यॅ!" म्हणाली, "उद्या पाहीन याले." संध्याकाळी छातीत दुखलं... उद्या काही आला नाही.

मंडळी, मी चौथी शिकलेला, अकोल्यात फुलं विकणारा माणूस. भूत, आत्मा, अंगात येणं — सगळं झूट म्हणत आलो. आजही म्हणतो. पण घडलं ते लिहून राहिलो.

खेळ आमची नात प्रांजल हिनं मोबाइलात टाकून दिला होता. ती अमरावतीले कॉलेजात शिकते. गाणं वाजते, चौकोन आपोआप पळते, समोर काटे येतात. ठेक्यावर बोट टेकवलं की चौकोन उडी मारते. चुकला की मेला — पुन्हा पयल्यापासून. मी म्हटलं, "हे लेकरायचं काम."

"तुमी गप बसा, मले आयकू द्या," बुढी म्हणाली.

तिची सारी मजा त्या आयकण्यातच होती. मोतीबिंदूमुळं काटे तिले धड दिसत नव्हते. पण चाळीस वर्षं हार गुंफले तिनं — दोन झेंडू, एक शेवंती, दोन झेंडू, एक शेवंती... बोटांत ठेका मुरलेला. नातीले जमलं नाही ते तिनं आठ दिवसांत केलं. मी डोळे फाडून पाहायचो अन् बावीस टक्क्यांत मरायचो. मग ती माह्या गुडघ्यावर दोन बोटांनी ठोकून दाखवायची.

"काटा काहून पाहता? काटा पाहिला की भेव लागते. गाणं आयका."

"मले गाण्यातलं समजत नाही."

"पंचेचाळीस वर्षं झाली लग्नाले. तुमाले कशातलं समजलं?"

सुट्टीत आलेली नात हसून हसून लोळायची.

बुढी गेल्यावर मी रोज दुपारी खेळत होतो. आवाज बंद करून... ते गाणं सोसवत नव्हतं. लेवलच्या खाली तिचे ९४ टक्के दिसायचे. कोणी त्याच्या पुढं गेलं तरच तो आकडा पुसला जाते. मी पडलो बावीसवाला, म्हणून धोका नव्हता. तो आकडा पाहासाठीच खेळत होतो, खरं सांगतो.

तेरवी झाल्यावरचा मंगळवार. दुपारचे अडीच. घरात एकटा, लाइन गेलेली, पंखा बंद. डाव लावला अन् गुडघ्यावर टक-टक. दोन बोटं. मी खाली पाहिलं — काहीच नाही. नजर हटली तरी चौकोन मेला नाही! शीर उडत असेल म्हटलं. पण माहं बोट त्याच ठोक्यावर पडत गेलं. तीस. पन्नास. ऐंशी.

नव्वदले डोक्यात उजेड पडला — पुढं गेलो तर तिचा आकडा जाईल. मी मोठ्यानं बोललो, "थांब वं! तुहा आकडा पुसला जाईल ना!"

ठोके थांबले नाहीत. चिडली की ठोकायची, तसे जोरात पडले. बोट उचलणं माह्या हातात होतं. नाही उचललं. चौऱ्याण्णव गेले... शंभर झाले. गुडघा एकदम शांत.

नात फोनवर म्हणाली, "आबा, आजीचं पाहून पाहून तुमच्या अंगात बसलं असेल." चौऱ्याण्णवपर्यंत कबूल. पण पुढचे काटे तिनंही पाहिले नव्हते, मीही नाही. त्या सहा टक्क्यांचा ठेका कोणी दिला? डॉक्टरले गुडघा दाखवला, तर म्हणे वात आहे. वात कधी ताल धरते का? मले तर अजूनही समजलं नाही. कोणाले समजलं तर सांगा, पण उगाच उतारा-गंडा सांगू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेतला अन् पुढची लेवल उघडली. आवाज चालू केला. नवंच गाणं, तिनं कधी न आयकलेलं. डोळे मिटले. तीन टक्क्यांत मेलो.

पुन्हा लावलं.