जस्ताची गोळी कोणी द्यायची

बायकोला बँकेच्या ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस पुण्याला जायचं होतं, तेव्हा आमची मुलगी दीड वर्षाची होती. मी माध्यमिक शाळेत गणित शिकवतो. एप्रिल होता, म्हणजे शाळा सकाळची, बाराला मी घरी. बाप म्हणून एवढा वेळ भरपूर झाला असं माझं मत होतं. बायकोचं तसं नव्हतं. तिनं करकंबहून आपल्या आईला बोलावून घेतलं.

सासूबाईंना मी मामी म्हणतो. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण आमच्यात "जेवलात का" आणि "व्हय, जेवले" याच्यापुढे बोलणं गेलं नव्हतं. त्या मला जावईबापू म्हणतात आणि मी समोर आलो की पदर सारखा करून दुसऱ्या खोलीत जातात. मीही मग दुसऱ्या खोलीत जातो. आमचं घर दोनच खोल्यांचं असल्यामुळे हे फार वेळ चालत नाही.

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मोहोळला बायकोच्या चुलतभावाचं लग्न होतं. आम्ही तिघंच गेलो. मांडवात ऊन असं की खुर्चीला हात लावला तर भाजावा. मांडवाबाहेर बर्फाच्या गोळ्याची गाडी उभी होती. मी स्वतःसाठी काला-खट्टा घेतला आणि मुलगी हात पुढे करायला लागली म्हणून दोन-तीनदा तिच्या जिभेला लावला. आजूबाजूला कोणी नाही हे मी आधी नीट पाहून घेतलं होतं.

लग्नानंतर दोन दिवसांनी सकाळी मुलीला जुलाब सुरू झाले. शाळेतून आलो तोवर सात वेळा पाण्यासारखं झालं होतं. पोर मलूल होऊन मामींच्या खांद्यावर पडलेली. मामींनी दृष्ट काढली होती आणि जायफळ उगाळायला घेतलं होतं. दूध, भात सगळं बंद ठेवायचं त्यांनी ठरवलं होतं. "पोटात काय घातलंच न्हाय तर भाईर काय येईल?" हा त्यांचा हिशेब. गणिताचा मास्तर असूनही मला त्यात चूक सापडेना. तरी मी रिक्षा बोलावली.

आमच्या मुलांच्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी मुलीच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली, डोळे पाहिले, चमच्यानं पाणी पाजून ती कशी पिते ते पाहिलं. मग विचारलं, "बाहेरचं काही दिलं होतं?"

मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक वाचू लागलो.

"लग्नात जावईबापूंनी गोळा चाटीवला की तिला," मामी म्हणाल्या. आजूबाजूला कोणी नाही हे मी कसं काय पाहिलं होतं, कोण जाणे.

डॉक्टरबाईंनी दोनच गोष्टी लिहून दिल्या. एक ओआरएसची पाकिटं: लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात अख्खं पाकीट, दर जुलाबानंतर चमच्या-चमच्यानं पाजायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी फेकून द्यायचं. दुसरं, झिंकच्या गोळ्या. रोज एक, चमचाभर पाण्यात विरघळवून, चौदा दिवस. आणि खाणं अजिबात बंद करायचं नाही. मऊ भात, वरण, केळं, जे खाईल ते थोडं थोडं द्यायचं. लघवी कमी झाली, पोर सुस्तावली, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसलं तर लगेच घेऊन या, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

"सुई न्हाय?" मामींनी विचारलं.

"नाही."

"सलाईन तरी?"

"आजी, पाणी पितेय ती तोंडानं. सुई कशाला टोचायची?"

मामींचा चेहरा पडला. एवढ्या लांब रिक्षानं यायचं आणि सुईसुद्धा नाही. मग त्यांनी खालच्या आवाजात मला विचारलं, "झिंक म्हंजी काय वो?"

"जस्त," मी म्हणालो.

"बादलीला आसतंय त्ये?"

डॉक्टरबाईंनी ऐकलं. "तेच, आजी. शरीरालाही थोडं लागतं, जुलाबात ते निघून जातं. पण बादली उगाळून पाजायची नाही हं, गोळीच द्यायची."

पहिल्या दिवशी गोळी मी दिली. ती पाण्यात पटकन विरघळली. मुलीनं तोंड उघडलं, चमचा आत घेतला, क्षणभर माझ्याकडे विश्वासानं पाहिलं आणि सगळं माझ्या शर्टावर उडवलं. नंतर मी चाखून पाहिलं. वरून गोड, आणि मागून पैसा चाटल्यासारखी चव. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, लगेच थुंकली असेल तर थोड्या वेळानं परत द्या. दुसऱ्या वेळेला निम्मं पोटात गेलं की तीन-चतुर्थांश, यावर माझं मलाच एकमत होईना.

गोळीच्या चौथ्या दिवशी जुलाब थांबले. मुलगी भांडी वाजवत घरभर फिरू लागली. मी चमचा घेऊन आलो तशा मामी म्हणाल्या, "बरी झाली की पोरगी. आता कशाला त्ये जस्त?"

इथे मी चूक केली. मी त्यांना उत्तर दिलं नाही, तास घेतला. चौदा दिवस म्हणजे काय, अर्धवट औषध म्हणजे काय, शिस्त म्हणजे काय. नववी ब ला देतो तसंच भाषण, फक्त खडू नव्हता. मामींनी पदर सारखा केला.

"तुमी मास्तर. तुमाला म्हाईत," एवढंच बोलून त्या दुसऱ्या खोलीत गेल्या.

दुपारी पाहतो तर खिडकीत ठेवलेली गोळ्यांची पट्टी गायब. शोधता शोधता ती देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर, कापराच्या डबीमागे सापडली. मामींनी औषध बंद पाडायला लपवली, अशी माझी खात्री झाली. त्याच संध्याकाळी पुण्याहून बायकोचा फोन आला. आवाज खाली करून म्हणाली, "आईला बोलू नका, पण लक्ष ठेवा. बरं वाटलं की औषध बंद करायची तिची सवय आहे. तुमच्यावरच भिस्त आहे माझी."

सहा वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मी पट्टी उचलली आणि माझ्या कपाटात, दहावीच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवली. दुसऱ्या दिवसापासून पहाटे मामी आंघोळीला गेल्या की मी मुलीला हळूच उठवायचो, गोळी पाजायचो, चमचा धुऊन जागेवर ठेवायचो आणि शाळेला निघायचो. मामी बाहेर येईपर्यंत सगळं निरपराध. चोरून पुण्य करण्यात इतकी मजा असते हे मला माहीत नव्हतं.

एक दिवस बरा गेला. सहाव्या दिवशी दुपारी मुलीला उलटी झाली. आम्हाला वाटलं, ऊन. सातव्या दिवशी परत. आठव्या दिवशी तिनं भाताकडे पाहून मान फिरवली, पुन्हा उलटी केली आणि कुरकुरत मामींच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली. जुलाब नव्हते, ताप नव्हता, मग हे काय? मामी ओल्या फडक्यानं तिचे पाय पुसत होत्या. मी परत रिक्षा बोलावली.

डॉक्टरबाईंनी तपासलं. पोट मऊ होतं, डोळे ठीक होते. "झिंक चालू आहे ना?" त्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"हो, मी रोज देतो," मी म्हणालो.

"व्हय, रोज देते की मी," मामी म्हणाल्या.

दोन्ही वाक्यं एकदमच आली. डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. मी मामींकडे पाहिलं, मामींनी माझ्याकडे. सहा वर्षांत आम्ही इतकं सरळ एकमेकांकडे कधी पाहिलं नव्हतं.

"कोण कधी देतं?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मी पहाटे. उपाशीपोटी."

"मी दुपारी. जावईबापू निजल्यावर."

दुपारी शाळेतून आल्यावर मी तासभर पडतो. तासभर हा माझा अंदाज. मामींच्या मते दोन तास. खिडकीतली पट्टी त्यांनी फळीवर ठेवली होती ती पोरीचा हात पोचू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी ती तिथून नाहीशी झाली आणि मी गोळी देताना कधी दिसेना, तेव्हा त्यांनी ओळखलं की जावयानं कंटाळून औषध टाकून दिलं. त्याच सुमारास आमच्या वस्तीत घरोघर आरोग्याची चौकशी करणाऱ्या आशाताई दारावर आल्या. लहान मूल आहे, नुकतेच जुलाब झाले होते, एवढं ऐकून त्यांनी ओआरएस आणि झिंकची नवी पट्टी दिली. वर शेजारी बसून समजावलं, की जुलाब थांबले तरी गोळ्या पुऱ्या करायच्या, त्यानं पोर लवकर सावरते आणि पुढचे दोन-तीन महिने परत जुलाब व्हायचा धोका कमी होतो. मामींना ते पटलं. मी याच्या दुप्पट वेळ बोललो होतो. पण आशाताई बोलताना खाली बसल्या होत्या आणि मी उभा होतो.

डॉक्टरबाईंनी हातातला कागद तोंडासमोर धरला. थोड्या वेळानं तो खाली आला तेव्हा त्यांचा चेहरा पुरेसा गंभीर होता.

"तीन दिवस दुप्पट गेली आहे. काही बिघडलेलं नाही, मळमळ, उलटी एवढ्यावर भागलं. पण औषध जास्त दिलं म्हणून जास्त गुण येत नाही. आज आणखी काही देऊ नका. उद्यापासून एक गोळी, काही खाल्ल्यावर, चौदावा दिवस होईपर्यंत." मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्ही गणित शिकवता ना?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलं: गोळी एकानेच द्यावी.

परतताना रिक्षात मामी बोलायला लागल्या. "तुमच्या बायकूनं मला फोन केलता. म्हनाली, आई, त्यांना बोलू नगं, पर ध्यान ठिव. दोन दिसांत इसरत्यात."

"मला तिनं तुमच्याबद्दल तेच सांगितलं."

मामींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, वाईट वाटलं त्यांना. पण खांदे हलत होते. मग मलाही हसू आवरेना. रिक्षावाल्यानं आरशातून दोनदा पाहिलं. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत आमचं ठरलं, की यातलं पुण्याला काही कळवायचं नाही.

गोळी द्यायचं काम मामींकडे गेलं, कारण त्यांची पद्धत माझ्यापेक्षा बरी होती. दुपारी मऊ भात खाऊन झाला की त्या मुलीला मांडीवर घेत आणि मला समोर बसवत. "आदी बाबा," म्हणून एक चमचा साधं पाणी मला पाजत. मी ते पिऊन तोंड वेडंवाकडं करायचं. मुलगी खदखदून हसायची, तोंड उघडं, तेवढ्यात गोळीचा चमचा आत. पहिल्या दिवशी मी हे काम कसंतरी केलं. "नीट करा की," मामी म्हणाल्या. "वर्गात करत आसाल तसं." चार दिवसांत मी इतका तयार झालो की मुलगी मला पाहूनच हसू लागली. दुपारची झोप मात्र गेली.

गोळीच्या बाराव्या दिवशी बायको परतली. मुलीला कडेवर घेतलं, वजन हातानं तोललं, समाधान झालं. मग फाइल उघडली.

"गोळी एकानेच द्यावी? म्हणजे काय?"

मी मामींकडे पाहिलं.

"डाक्टरीण लई काटेकोर हाय," मामी शांतपणे म्हणाल्या. "समद्यांनाच आसं लिवती."

बायकोनं आमच्या दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. तिला काहीतरी शिजलंय एवढं कळलं, काय ते कळलं नाही; आणि आपण पंधरा दिवस नसताना नवरा आणि आई एका बाजूला कसे गेले, याचंच तिला जास्त नवल वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी करकंबला जायचं म्हणून मामींची पिशवी भरून ठेवलेली होती. सकाळी त्यांनी ती परत कोपऱ्यात ठेवली. "दोन गोळ्या ऱ्हायल्यात," म्हणाल्या.

"अगं आई, मी देईन ना," बायको म्हणाली.

"तू ट्रेनिंगला गेलीवतीस. तुला म्हाईत न्हाय."

त्या दोन्ही दुपारी मी तोंडं वेडीवाकडी केली आणि बायको दारात उभी राहून पाहत होती. चौदावी गोळी संपल्यावर मामींनी रिकामी पट्टी टाकून दिली, आशाताईंच्या पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या माझ्या हातात दिल्या आणि परत करून या म्हणून सांगितलं. मी लगेच गेलो.

संध्याकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडलं. गाडीत जागा धरून दिली. खिडकीतून त्या म्हणाल्या, "जावईबापू, पुडल्या येळंला मला काय सांगायचं आसलं तर मलाच सांगा. तिला मधी घालू नगा."

"सांगतो, मामी. तुम्हीही सांगा."

"मी आत्ताच सांगते," त्या म्हणाल्या. "तुमी दुपारी लई घोरता."