पाय कुणाचा मागतेस?

१४ जून. नवऱ्याला माती देऊन पाच दिवस झाले होते. घरातलं पीठ संपलं, म्हणून दारात बसून ज्वारी निवडत होते. गाडी थांबली. मी टॉवेलच्या ज्या कारखान्यात काठ शिवते, त्याचे मालक उतरले. चपला न काढता, निवडलेल्या ज्वारीवर पाय देऊन आत आले.

"उठायची पद्धत नाही का तुमच्यात?"

मी उठले. सवय.

त्यांनी कागद पुढे केला. दीड वर्षापूर्वी त्यांच्या टेम्पोनं मागं येताना माझ्या नवऱ्याचा डावा पाय कारखान्याच्या फाटकावर चिरडला. तो तिथंच हमाल होता. पाय मांडीतून कापावा लागला. नुकसानभरपाईचा दावा कोर्टात चालू होता. साहेबांचं उत्तर एकच, हमाल दारू पिऊन मागं उभा होता. माझ्या नवऱ्यानं कधी तंबाखूसुद्धा मळली नव्हती. आता तो काविळीनं गेला. कागदावर लिहिलं होतं, दावा मागे घेते, माझी कुणाविरुद्ध तक्रार नाही.

"टेम्पोनं नाही मेला तो, काविळीनं मेला," साहेब म्हणाले. "ज्याचा पाय होता तोच गेला. आता पाय कुणाचा मागतेस? कोर्टात मढं उभं करणार का?"

टेम्पोचा ड्रायव्हर बरोबर आला होता. तो हसला. माझा दीरही त्यांच्याबरोबर आला होता, तोही हसला. तो त्याच कारखान्यात मुकादम आहे.

"वैनी, करा की सही. कामावर ठिवतो म्हणत्यात साहेब. आन् सुतकात कोर्टाची पायरी चढत्यात व्हय?"

मी पेन घेतलं. खोटं कशाला सांगू? कागदावर टेकवलंसुद्धा.

आमच्या लिंगायतांत माणसाला मांडी घालून, बसवून पुरतात. माझ्या नवऱ्याची मांडीच जमेना. खड्ड्यात सारखा डावीकडं कलंडायचा. वर उभी माणसं एकमेकांकडं बघत होती. शेवटी मी चादरीचं बोचकं करून खाली दिलं. ते पायाच्या जागी लावलं, तेव्हा बसला. हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि पाचव्याच दिवशी तक्रार नाही म्हणून लिहून देत होते.

पेन खाली ठेवलं.

"भाऊजी, गळ्यात लिंग हाय तुमच्या. आपल्यात सुतक कवापासनं आलं?"

साहेबांना म्हटलं, "पाय त्यांचाच मागते. मेल्यावर दुसऱ्याचा होत न्हाई."

"उद्यापासून गेटवर दिसू नकोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला वकीलबाईंच्या घरी गेले. साहेबांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. त्या म्हणाल्या, "पूर्वी असं चालायचं. जखमेचा दावा माणसाबरोबर संपला म्हणायचे. आता गाडीच्या अपघातात जखमी माणूस कशानंही गेला, तरी वारसांना दावा पुढं चालवता येतो. वेळेत अर्ज मात्र करायचा."

"लिहा," म्हटलं. वारस म्हणून माझं नाव लिहिलं. पूर्ण सही केली.

"साक्षीदार लागतील," त्या म्हणाल्या.

आठला कारखान्याच्या फाटकावर उभी राहिले. सकाळच्या पाळीच्या बाया आत निघाल्या होत्या. रखवालदार मला हटकत राहिला. मी एकेकीला नावानं थांबवलं आणि विचारलं, टेम्पो मागं आला तेव्हा तू कुठं होतीस?