गावकीचं तपेलं आणि हळदीचं कालवण: पनवेलचे तीन दिवस

नॉनस्टिक तव्याचे काळे पापुद्रे भाजीतून निवडून जेवणाऱ्या बंधूंनो आणि भगिनींनो, "मॅडम, याचे पार्ट आता येत नाहीत" हे ऐकून मुकाट्याने नवा मिक्सर उचलून घरी येणाऱ्या माझ्या सोशिक देशबांधवांनो, आपल्याला फसवलं गेलं आहे. ज्या वस्तू मोडत नव्हत्या त्या आपण हौसेने मोडीत घातल्या, आणि ज्या मोडण्यासाठीच बनवल्या आहेत त्या हप्त्यांवर घेतल्या.

हे मी व्यासपीठावरून पुष्कळदा बोलले आहे. टाळ्या पडतात, शाल मिळते. शाल पहिल्या धुण्यात विरते. एकदा याच विषयावरच्या भाषणानंतर मला फायबरची समई भेट मिळाली होती, त्यामुळे टाळ्यांवर माझा फार विश्वास उरलेला नाही. म्हणून पनवेलहून वंदनाचा फोन आला तेव्हा मला बरं वाटलं. वंदना माझी वसतिगृहातली मैत्रीण.

"शुक्रवारी ये," ती म्हणाली. "शनिवारी लेकीची हळद. आणि घसा सांभाळून आण, भांडायचं आहे."

"कोणाशी?"

"माझ्या अख्ख्या माहेराशी."

अशा आमंत्रणाला नाही म्हणणारी मी नव्हे.

शुक्रवार

पुण्याहून पनवेलला एसटी सोयीची, पण चढण्याआधी कंडक्टरला विचारा की गाडी पनवेल स्थानकात जाते की कळंबोलीच्या पुलाखाली सोडते. पुलाखाली उतरलात तर रिक्षावाला म्हणेल ते भाडं. मीटर हा विषय काढू नका, त्याचा मूड जातो.

वंदनाचा फ्लॅट नवीन पनवेलमध्ये, चौदाव्या मजल्यावर. दारातच एक सुंदर तांब्याचं घंगाळ होतं, माणूस बसून अंघोळ करेल एवढं. त्यात मनी प्लांट. मी कौतुकाने वाकून पाहिलं, तर बुडाला तीन भोकं.

"पाणी साचायला नको म्हणून," वंदनाचे यजमान सुरेशराव म्हणाले. "इंटिरियरवाल्याने सुचवलं. ड्रिलचं एक पातं तुटलं हो, इतकं जाड आहे."

"मग प्लास्टिकची कुंडी का नाही घेतली?"

"त्यात हेरिटेज लुक येत नाही."

मी चपला काढून आत गेले. पाहुणी होते, आणि चहा अजून यायचा होता.

चहाबरोबर वंदनाने भांडण समजावलं. तिचं माहेर उरणच्या रस्त्याने आत, खाडीकडेला. पूर्वी सगळं गाव मिठागरावर राबायचं. आता जमिनी गेल्या, बंगले आले. गावाचं नाव लिहीत नाही, तशी तंबी मिळाली आहे. त्या गावात अजून गावकीची भांडी आहेत, म्हणजे गावाने मिळून घेतलेली मोठी तपेली, पराती, डेगी. ज्याच्या घरी कार्य त्याने ती मागायची, वापरायची, घासून परत द्यायची, आणि रिकामी द्यायची नाहीत, तळाशी मूठभर तांदूळ आणि गूळ ठेवायचा. त्यातलं सर्वांत मोठं पितळी तपेलं मिठागरावर काम करणाऱ्या बायकांनी वर्गणी काढून दिलं होतं. काठावर प्रत्येक बाईचं नाव कोरलं आहे. त्यात एक नाव वंदनाच्या आईचं. आई आता नाही. कागदावर तिचं नाव कुठे फारसं आलंच नव्हतं, आलं ते या पितळेवर.

ही भांडी गावकी मोडीत काढणार होती. भांड्यांची खोली रिकामी हवी होती, तिथे जिम व्हायची होती. भंगारवाला सोमवारी येणार, रविवारी देवळात शेवटची बैठक.

"निमित्त काय झालं?" मी विचारलं.

"माझी भावजय. निर्मलावहिनी. नातवाच्या बारशाला तिने याच तपेल्यात चिंच घालून आमटी केली, कल्हई न करता. कळकली. अख्खं गाव दोन दिवस परसाकडे. तेव्हापासून तिचं म्हणणं, भांडंच खराब."

पितळेच्या भांड्याला आतून कल्हई लागते, नाहीतर आंबट पदार्थ कळकतो, हे महाराष्ट्रातल्या निम्म्या घरांना ठाऊक होतं तोवर भांडी घरात होती. विसरलो त्या दिवशी भांडी बदनाम झाली. वंदनाने ठरवलं होतं, लेकीच्या हळदीचं कालवण याच तपेल्यात करायचं, तेही आंबट, आणि गावाला पोटभर वाढायचं. बाधलं तर सोमवारी तपेलं तराजूत. नाही बाधलं तर रविवारी बोलायला तोंड राहील.

दुपारी टेम्पो करून तपेलं पनवेलच्या जुन्या बाजारात आणलं. कल्हईवाले चाचा गल्लीच्या टोकाला बसतात. तपेलं उतरवताना त्यांनी हातातला फोन बाजूला ठेवला.

"दीदी, यात काय शिजवणार, हत्ती?"

"कोळंबी."

"मग ठीक. उद्या देतो."

"आज पाहिजे."

"आज? लोक वर्षभर माळ्यावर ठेवतात आणि आणतात तेव्हा म्हणतात आज." पण भात्याऐवजी लावलेला पंखा त्यांनी सुरू केला. नवसागराचा पांढरा धूर उठला, माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि कथिल फिरताच तपेल्याचा काळपट पोटभाग चांदीसारखा उजळला. गल्लीतली चार माणसं थांबली. चाचांना ते आवडलं, त्यांनी कापसाचा शेवटचा हात गरजेपेक्षा जरा जास्तच झोकात मारला.

पैसे भांड्याच्या आकारावर, घासाघीस होते. निघताना चाचा म्हणाले, "रिव्ह्यू टाका. पाच तारे. मागच्या वेळी एका मॅडमने तीन दिले, धूर होतो म्हणून."

शनिवार

पहाटे मासळीसाठी करंजा बंदर. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर दोन्ही बाजूंनी अंगावर येतात, म्हणून उजाडायच्या आत निघा. बंदरावर होड्या लागल्या की लिलाव सुरू होतो आणि तिथे तुमच्या वक्तृत्वाला कोणी विचारत नाही. मी एका टोपलीतली कोळंबी चाचपून पाहात होते.

"बाय, घ्यायची हाय का नुसती ओळख करून घ्यायची हाय?" टोपलीमागची मावशी म्हणाली.

"ताजी आहे का बघते."

"मगाशी पाण्यात व्हती. तू तवा झोपली व्हतीस."

घेतली. सुट्टे पैसे आणि जाड पिशवी बरोबर ठेवा. वाटेत मिसळ खाल्ली. ठीक होती, तिखटात बाकी सगळं लपलं होतं.

चौदाव्या मजल्यावर चूल मांडता येत नाही, म्हणून हळद माहेरी होती. दुपारी वंदनाच्या माहेरच्या अंगणात चूल पेटली. केटरिंगवाल्याने स्टीलचे चकचकीत बुफेचे डबे मांडले होते, सुरेशरावांच्या आग्रहाखातर. ते पनीरसाठी. कोळंबीचं कालवण वंदना स्वतः रांधत होती. चिंचेचा कोळ तिने घातला तेव्हा अंगणातल्या गप्पा थांबल्या. ओटीवर निर्मलावहिनी पान लावत बसल्या होत्या.

"घाल, अजून घाल," त्या म्हणाल्या. "डाक्टरला सांगून ठेवलंय ना?"

"तुमच्या बारशाचाच डॉक्टर आहे वहिनी, त्याला रस्ता पाठ झालाय," वंदना म्हणाली.

वहिनींनी पानाला चुना जरा जास्त लावला.

संध्याकाळी हळद लागली, बेंजो वाजला, पंगत बसली. पहिला घास कोणी घ्यायचा यावर थोडी चुळबुळ झाली. शेवटी गावकीचे अध्यक्ष बळीराम तात्या, ज्यांना जिमची सर्वांत घाई, त्यांनीच भाकरी मोडली. खाल्लं. परत मागितलं. मग वाढप्यांना उसंत मिळाली नाही. पितळेच्या जाड बुडात मंद शिजलेलं कालवण कसं लागतं ते मी लिहून सांगू शकत नाही. पनीरचे डबे रात्री भरलेलेच परत गेले.

रविवार

लग्न संध्याकाळच्या मुहूर्ताचं, म्हणून सकाळी कर्नाळ्याला जायचा बेत होता. तिथले पक्षी या खेपेला मला न बघताच राहिले, कारण बैठक लवकर ठरली. गावात कोणालाही काही बाधलं नव्हतं. वंदनाने पहाटेच दोन फोन करून खात्री करून घेतली होती.

देवळाच्या सभामंडपात गाव बसलं. वंदनाने तपेलं घासून, तळाशी तांदूळ-गूळ घालून मध्यभागी ठेवलं. मग मला बोलायला सांगितलं. मी बोलले. मी चांगली बोलते, त्यात विनय काय करायचा. कारागिरी, चंगळवाद, पूर्वजांचा घाम, सगळं काढलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"ताई, भाषण झकास," बळीराम तात्या म्हणाले. "कालवण पन झकास. भांड्यात खोट नाय, हे मानलं. पन ते वापरनार कोन? वंदनाच्या लेकीची हळद झाली. आता पुढं दहा वरीस ते खोलीत बसनार आनि आमची पोरं व्यायाम कुठं करनार? आमी काय येडे हाव काय?"

ते बरोबर बोलत होते. न वापरलेलं भांडं जपून ठेवणं म्हणजे बुडाला भोकं न पाडता त्याची कुंडी करणंच.

"कोनाचं मागनं हाय का?" तात्यांनी रीतीप्रमाणे विचारलं. "नसंल तर उद्या काटा."

वंदनाने आईच्या नावावर हात ठेवला आणि तो उचलला नाही. तात्या उठायला लागले.

"मला पायजे."

निर्मलावहिनी. पदर खोचून उभ्या.

"तुला? वैनी, तूच तर म्हनालीस खराब हाय."

"म्हनाले. तवा कल्हई नवती. आता हाय. माज्या धाकट्याचा साखरपुडा हाय, मी सोता रांधीन त्यात. चिंच हिच्यापरीस जास्त घालीन. मग गावानं सांगावं कोनाचं कालवण चांगलं."

"मग माझ्या पुतण्याचं केळवण राहिलंय," मागून एक बाई म्हणाल्या. "त्याचं काय?"

"तू माज्या मागून," वहिनी म्हणाल्या.

दोन बायकांत तिथेच जुंपली. तात्या खाली बसले. पोरांनी जिमसाठी समाजमंदिराची गच्ची बघायला सुरुवात केली. ज्याला मी पाऊण तास वारसा म्हणत होते, तो एका भावजयीच्या असूयेने पाच मिनिटांत वाचवला. मला अजिबात वाईट वाटलं नाही. असूया दर लग्नसराईला ताजी होते, भाषणं होत नाहीत.

वंदनाने कोपऱ्यात जाऊन डोळे पुसले आणि परत येऊन वहिनींना म्हणाली, "कोळंबी मी आणून देईन."

"काय नको. तुजी भारी बारीक व्हती."

घरी

लग्न आटोपून पुण्याला परतल्यावर मी साताऱ्याकडच्या आमच्या गावी काकांना फोन लावला.

"काका, देवळातली मोठी भांडी आहेत का अजून?"

"आहेत की. का, कोण घेतंय का विकत?"

"विकत नाही. आईच्या पंचाहत्तरीला मला एक पातेलं हवंय. आमटी करायची आहे."

पलीकडे काकांनी घरात कोणाला तरी हाक मारून विचारलं. मग म्हणाले, "अगं, किल्ली कोणाकडे आहे तेच बघायला लागेल." दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन आला. किल्ली सापडली होती, आणि आता आमच्या चुलत्यांपैकी दोघांना तेच पातेलं हवं होतं.

तर बंधूंनो, भगिनींनो, भांडी मोडीत जातात ती कोणी विकतो म्हणून नव्हे, कोणी मागत नाही म्हणून. या रविवारच्या आत तुमच्या गावच्या देवळात किंवा समाजमंदिरात फोन करा, भांड्यांची खोली उघडायला लावा, आणि घरच्या पुढच्या कार्यासाठी एक भांडं आपल्या नावाने मागून ठेवा.