पाण्याआधी ट्यूब

तो मला ताई म्हणायचा. नुसतं तोंडदेखलं नाही हं, भाऊबीजेला सायखेड्याला आमच्या घरी येऊन पाटावर बसला होता, मी ओवाळलंही होतं. घोड्यांची टॉनिकं आणि पावडरी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस. लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी घोडी तयार करायची म्हणजे हौस भारी महागात पडते. कंपनीने तो भार उचलला आणि मी हुरळून गेले.

माझी घोडी पाण्याच्या बाबतीत भलती नखरेल. घरच्या विहिरीचं सोडून दुसऱ्या पाण्याला तोंड लावायची नाही. टँकरचं पाणी पुढे केलं की माझ्याकडे असं बघायची, जसं काही मीच त्यात घाण कालवलीय. म्हणून प्रत्येक शर्यतीला आम्ही विहिरीच्या पाण्याचे कॅन गाडीत भरून न्यायचो. बाकीचे स्वार विचारायचे, "काय, सुनबाईंचं माहेरचं पाणी आलं का?" हसू देत. घोडी प्यायची ना!

विंचूरच्या पुढे शर्यत होती, तेव्हा त्याचा फोन आला. "ताई, कॅन-बिन काही आणू नका. पाण्याची गाडी आमची. फोटोत ते जुने कॅन बरे दिसत नाहीत."

"अहो, ती पिणार नाही."

"पिईल हो. सगळं माझ्यावर सोडा."

सोडलं.

मधल्या थांब्यावर जनावरांच्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, ठीक होती. पण कंपनीच्या नव्याकोऱ्या ड्रममध्ये घोडीने नाक घातलं, फुरफुरली आणि मान फिरवली. पुन्हा नेलं, पुन्हा तेच. ऊन मी म्हणत होतं. तेवढ्यात हा आला. तिच्या पाठीवर नवी झूल टाकली, त्यावर कंपनीचं नाव हातभर मोठं. आणि माझ्या हातात घोडीच्या तोंडात पिळायची क्षारांची ट्यूब दिली. समोर कॅमेरा.

"आधी पाणी, मग ट्यूब," मी म्हणाले. आमच्यात हे शेंबडं पोरही सांगेल. तहानलेल्या घोड्याला नुसते क्षार दिले, तर अंगातलं उरलंसुरलं पाणीही आतड्यात ओढलं जातं.

"ही ट्यूब वेगळी आहे, ताई. पाण्याशिवाय चालते. कंपनीच्या डॉक्टरांनाच विचारलंय. माझ्यावर विश्वास नाही का?"

ज्याला ओवाळलं त्याने असं विचारल्यावर काय बोलणार? दिली.

थोड्याच वेळात घोडी मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायला लागली. मग पुढच्या पायाने माती उकरली आणि धाडकन खाली पडून लोळायला लागली. पोटशूळ! घोड्यासाठी हे जिवावरचं दुखणं. डॉक्टर धावत आले, सलाईन लावलं. आमचे हे विहिरीचं पाणी आणायला गाडी घेऊन सायखेड्याकडे सुटले.

"पाण्याआधी ट्यूब कुणी दिली?" डॉक्टर ओरडले.

मी त्याच्याकडे पाहिलं. वाटलं, आता सांगेल.

"ताईंनीच," तो म्हणाला. "आम्ही नको नको म्हणत होतो हो. पण ऐकतील तर ना!"

मेल्या! माझ्या तोंडून एवढंच निघालं. शर्यत गेली खड्ड्यात. पण माझी घोडी समोर तडफडतेय आणि हा माणूस सगळ्यांदेखत माझ्यावर ढकलून मोकळा झाला, हे काही केल्या पचेना.

घोडी वाचली, हे आधीच सांगते. पण त्या घटकेला ते मला कुठे ठाऊक होतं? एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्या हाताने तिचं डोकं धरलेलं, आणि ती घामाने निथळत होती. म्हटलं, भांडण नंतर. "बाटली धर जरा," मी त्याला म्हणाले. "हिचं डोकं आपटतंय."

तो पुढे आला. आजूबाजूला लोक मोबाइलवर फोटो काढत होते. त्याने वाकून तिच्या अंगाखाली अडकलेली झूल दोन्ही हातांनी खेचून काढली, नाव आत जाईल अशी घडी घातली आणि छातीशी धरली.

"हात मोकळे नाहीत, ताई," म्हणाला, आणि गाडीकडे निघून गेला.