टाकी चौथाईवर आली की

ट्रक तिसऱ्यांदा आमच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा काळेसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं नाही. सगळ्यांसमोरच विचारलं, "शिर्के, हा पंप तुम्हीच खोलून बांधला होता ना?"

"हो साहेब."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

इंदूरची आमची मिल बंद झाली तेव्हा मी तिथे मेंटेनन्सचा फिटर होतो. वय चाळीस. गाड्यांच्या डिझेल पंपाचं काम मी काळेसाहेबांच्या पंप रूममध्ये, म्हणजे पंपदुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये, शिकलो आणि त्यांनी मला अजून कायम केलेलं नव्हतं. घरी बायको रोज विचारायची, "काही बोलले का साहेब?" आणि मी जेवणात लक्ष घालायचो.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. पंप प्रत्येक सिलिंडरला मोजून डिझेल देतो, तेवढ्यावर ते चालतं. किती द्यायचं ते गव्हर्नर नावाचा भाग ठरवतो. इंजिन मंदावलं की तो डिझेल वाढवतो, फार पळायला लागलं की कमी करतो. या ट्रकचं इंजिन मात्र ॲक्सिलरेटरवर पाय स्थिर असतानाही आपोआप वर-खाली व्हायचं. घूँऽऽ करून चढायचं, मग बसायचं, पुन्हा चढायचं. आम्ही याला हंटिंग म्हणतो. हंटिंग म्हटलं की पहिला संशय गव्हर्नरवर, म्हणजे पंपावर, म्हणजे माझ्यावर.

मी पंप दोनदा उघडला, टेस्ट बेंचवर लावला, रीडिंग बरोबर आलं. गाडीवर चढवून चालवून पाहिलं. इंजिन घड्याळासारखं चाललं.

ट्रकचे मालक तिवारीजी चिडले होते. "पंप ठीक है तो ड्राइवर खराब है," ते म्हणाले. "इस बार भी ठीक निकला तो रफीक की छुट्टी."

रफीक भिया इंदूरच्याच खजरान्याचा, बावीस वर्षं स्टिअरिंगवर. तो पहिल्या दिवसापासून एकच सांगत होता, "शिर्केजी, टंकी भरी हो तो मक्खन चलती है. चौथाई पे आई कि नाटक चालू." तिवारीजींना वाटायचं, याला सतत फुल टाकी हवी, म्हणजे मधे कुठेतरी डिझेल काढून विकत असणार. आणि मी? मी त्याला म्हणालो होतो, "भिया, टाकीचा पंपाशी काय संबंध?"

काळेसाहेबांनी निकाल दिला. "उद्या तुम्ही गाडीत बसून जा. घाटात काय होतं ते डोळ्यांनी बघा."

घाटाखालच्या सनावदहून कापसाच्या गाठी आणायच्या होत्या. जाताना उतार, टाकी अर्धी, काही झालं नाही. माझी छाती जरा हलकी झाली. येताना गाडी भरलेली होती आणि काटा चौथाईच्या जवळ आला होता. रफीकने विचारलं, "डलवा लूँ?"

"नको," मी म्हणालो. "आज होऊ दे."

घाटाच्या तिसऱ्या वळणावर ते झालं. आवाज चढला, बसला, चढला. रफीकने गिअर उतरवला. गाडी हिसके देत चालली होती, आमच्या मागे माणसांनी भरलेली बस. बसवाला हॉर्न देत होता. मग इंजिन एकदा जोरात ओरडलं आणि बंद पडलं.

त्या शांततेत मला ब्रेकच्या हवेचा फुस्स आवाज ऐकू आला. इंजिन बंद म्हणजे ब्रेकला हवा भरणारा कॉम्प्रेसर बंद. ब्रेकच्या टाकीत उरली तेवढीच हवा. गाडी वीतभर मागे सरकली.

"गुटका!" रफीक ओरडला.

मी दार उघडून उडीच मारली. लाकडी गुटका मागच्या चाकाखाली टाकला तेव्हा बसच्या पुढच्या काचेतून एक बाई माझ्याकडेच बघत होती. टायर गुटक्यावर चढायला आला आणि थांबला. दुसऱ्या चाकाखाली मी दगड लावला. मग बसला हात दाखवून मागे घ्यायला सांगितलं.

रफीक खाली उतरला.

मी डिझेल फिल्टरचा हवा काढायचा एअर स्क्रू ढिला केला आणि टाकीतून डिझेल ओढायचा छोटा हातपंप मारला. डिझेल नाही, नुसता फेस. हवा. मारत राहिलो, फेस येतच राहिला. गाडी कुठूनतरी हवा ओढत होती, आणि पंपाच्या आधीच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पंप रूममध्ये टेस्ट करताना, पंप गाडीवर चढवल्यावरसुद्धा, आम्ही गाडीच्या टाकीतून डिझेल घेतच नसू. वरती वेगळा डबा टांगायचो, स्वच्छ डिझेलचा. दोन्ही वेळा मी या गाडीची टाकी तपासणीतून वगळली होती.

"भिया, कॅन आहे?"

त्याच्याकडे वीस लिटरचा होता. सगळा टाकीत ओतला. पुन्हा हातपंप मारला, फेस संपला, धार आली. इंजिन पहिल्या सेल्फला लागलं आणि इंदूरपर्यंत एकदाही हाललं नाही.

दुसऱ्या दिवशी तिवारीजींच्या समोर टाकीतली सक्शनची नळी बाहेर काढली. हीच नळी टाकीच्या तळापासून डिझेल ओढते. खालचं तोंड अंगठ्याने दाबून नळी पाण्यात धरली आणि वरून फुंकलं. टोकापासून वीतभर वर, केसाएवढ्या चिरेतून बुडबुडे आले. डिझेल चिरेच्या वर असेपर्यंत चिरेतूनही डिझेलच ओढलं जायचं. पातळी खाली गेली की हवा.

काळेसाहेब म्हणाले, "म्हणजे पंप आपला बरोबरच होता."

"पंप बरोबर होता साहेब," मी म्हणालो. "तपासणी चुकीची होती. रफीक भिया तिन्ही वेळा सांगत होता, मी ऐकलं नाही."

तिवारीजी नळी हातात फिरवत राहिले, मग म्हणाले, "अच्छा, नई डाल दो." रफीककडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

नळी बदलली, ट्रक पुन्हा कधी आला नाही. साहेबांनी मला कायम केलं, पण त्या महिन्यात नाही, आणखी चार महिन्यांनी. रफीकने त्याच आठवड्यात दुसऱ्या मालकाची गाडी धरली. मी माफी मागायला खजरान्याला गेलो तर म्हणाला, "आप घाट में साथ तो बैठे, शिर्केजी." चहा मात्र दिला नाही.

त्यानंतर सव्वीस वर्षं मी पंप बांधले. स्पॅनर उचलायच्या आधी ड्रायव्हरला विचारायचो, हे कधी होतं, आणि कधी होत नाही. दुसरा प्रश्न जास्त कामाचा आहे.