पिठल्याचं कुलूप

आमच्या घरात कुलूप होतं ते फक्त रस्त्याच्या दाराला. आतल्या कुठल्याच खोलीला, कपाटाला, डब्याला नव्हतं. सासूबाईंनी माझ्याकडे किल्ल्यांचा जुडगा दिला तेव्हा तो कमरेला ओझं होण्याइतका मोठा होता, पण त्यातल्या बऱ्याच किल्ल्यांची कुलपं केव्हाच मोडीत गेली होती. घरच्या माणसांपासून काय लपवायचं, असं सगळे म्हणत. असं म्हणणाऱ्याकडे लपवण्यासारखं काही नसतं, नाहीतर फार असतं.

तंजावूरच्या आम्हा मराठी माणसांना दुसरंही एक कुलूप होतं, आमची भाषा. बाजारात, बसमध्ये, डॉक्टरकडे जे दुसऱ्याला कळायला नको ते मराठीत बोलायचं. लहानपणी तिरुवैयारूच्या बाजारात आई मला म्हणाली, "वांगी किडकी आहेत, पण तोंड वाकडं करू नकोस. ही बाई खवट दिसते, भाव चढवेल."

भाजीवाली वांगी निवडत होती, ती थांबलीसुद्धा नाही. स्वच्छ मराठीत म्हणाली, "वांगी चांगली आहेत, अक्का. मी तुमच्याच लोकांच्या घरी भांडी घासत वाढले. आता भाव मात्र चढवते."

आईने चढ्या भावाने ती वांगी घेतली. तेव्हा मी एक शिकले, कुलूप कोणासाठी घालतोय ते आधी बघावं.

शाळेत मी पाचवीपर्यंत गेले, तीही तमिळ शाळा. देवनागरी वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतली. तेव्हा कॉम्प्युटरबद्दल मी लिहावं हे जरा हसण्यासारखंच आहे. पण मला त्या यंत्राचं काही पडलेलं नाही. मी लिहितेय ते सुनेबद्दल.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. गल्लीत केबलच्या वायरी आल्या, कोपऱ्यावर फोनचं बूथ आलं, आणि आमच्या मुलाने घरात कॉम्प्युटर आणला. तो बँकेत होता. बँकेत मशीन येणार, ज्याला येत नाही तो मागे पडणार, असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. थोडे दिवस तो त्याच्यावर पत्ते खेळला, मग कंटाळला. यंत्रावर माझ्या जुन्या लुगड्याचा तुकडा पडला.

तो तुकडा सुनेने काढला. ती पापनाशमची, घराणं मराठीच, कॉलेजात गणित शिकलेली. लग्न होऊन आली ती थेट स्वयंपाकघरात, आणि तिथेच राहिली. मूल झालं नाही. त्यावरून लोक काय बोलायचे ते मी लिहीत नाही, बोलणाऱ्यांना माहीत आहे. मुलगा ऑफिसात गेला की ती त्या यंत्रापुढे बसे. पुस्तक बघून बघून शिकली. तमिळ टायपिंग शिकली. मग जवळच्या मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनी तिला परीक्षेचे पेपर टाइप करायला दिले. वर्षभर काम नीट झालं, एकही पेपर बाहेर गेला नाही, तर जूनमध्ये शाळेच्या ऑफिसात जागा देईन, असं त्या म्हणाल्या होत्या.

मला सांगताना सुनेचा आवाज बदलला होता. "आई, तिथे मला माझं टेबल असेल."

अडचण घरातच होती. माझ्या नणंदेची नात आमच्याकडे राहून त्याच शाळेत शिकत होती, दहावीला. नणंद म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, विधवा, कडक सोवळ्याची. तीही आमच्याकडेच असे. मी त्यांना वन्सं म्हणते. नातीचं गणित म्हणजे आनंद होता. सुनेने मोठ्या बाईंना हे आपणहून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग फाइलला पासवर्ड घाल. आणि घरात कोणाला म्हणजे कोणालाही दाखवायची नाही. नवऱ्यालासुद्धा नाही."

पासवर्ड म्हणजे काय ते सुनेने मला दाखवलं. ती अक्षरं दाबायची आणि पडद्यावर नुसते ठिपके उमटायचे.

"हे कोलमच्या रांगोळीचे ठिपके झाले. रेघा कुठे आहेत?" मी म्हटलं.

"रेघा माझ्या डोक्यात आहेत," ती म्हणाली. "बरोबर शब्द घातला तरच फाइल उघडते. मी विसरले तर मलाही उघडणार नाही."

वन्सं उंबऱ्याबाहेरून ऐकत होत्या. सोवळ्यात असल्या की त्या आत येत नसत, पण कान आत येत. "घरात कुलूप!" त्या म्हणाल्या. "आमच्या वेळी सुना तोंडाला कुलूप घालत. आता पेटीला घालतात आणि तोंड उघडं ठेवतात."

मुलगा संध्याकाळी आल्या आल्या वन्संनी ते त्याच्या कानावर घातलंच. "माझ्या पैशाचं मशीन, आणि मलाच उघडत नाही?" तो बायकोला म्हणाला. "काय आहे त्यात?"

"शाळेचं काम."

"मग दाखव की."

"शब्द दिलाय. नाही दाखवता येणार."

तो हसला, पण त्याचं ते हसणं मी ओळखते. चौथीत मार खाऊन आला तेव्हाही असाच हसला होता. बायको आपल्याला काही सांगत नाही, हे त्याला लागलं होतं. त्याला वाईट माणूस म्हणणार नाही मी. कान हलका आहे, एवढंच. बापासारखा.

मी सुनेला विहिरीपाशी एकटीला गाठून विचारलं, शब्द तरी धड घातलायस ना? ती खूश होऊन म्हणाली, "मराठीतला घातलाय. शाळेत कोणाला मराठी येत नाही. जन्मात कळायचा नाही."

मला ती भाजीवाली आठवली. म्हटलं, "अगं, शाळेतल्यांना येत नाही. घरातल्यांना येतं."

ती हसली. तिला वाटलं, म्हातारी थट्टा करते. आपल्याकडे लपवायचं ते मराठीत, ही सवय पिढ्यांची. हात तिकडेच जातो. आणि मी तरी काय, बोलून गप्प बसले.

सरस्वतीपूजा आली. आमच्याकडे त्या दिवशी पुस्तकं, वह्या, शिलाईचं यंत्र, कात्री, अगदी विळीसुद्धा देवापुढे मांडतात, गंधकुंकू लावतात. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. हे वन्सं इतकं कडक पाळत की त्यांच्या स्वतःच्या मुलाची एकदा परीक्षा तोंडावर होती, तरी त्याला पुस्तक काढू दिलं नव्हतं.

सून आदल्या दिवशी पापनाशमला गेली होती. तिच्या आईचे पाय सुजले होते. सुट्टीनंतरच्या परीक्षेचे पेपर तिने टाइप करून ठेवले होते. ते शाळेत द्यायचे बाकी होते.

पूजेच्या सकाळी मुलाला सुट्टी. आंघोळीआधी तो कॉम्प्युटरपुढे बसला आणि शब्द घालून बघायला लागला. स्वतःचं नाव घातलं. नाही. तिचं घातलं. कुलदैवत, गाव, लग्नाची तारीख, सगळं झालं. मी नैवेद्याच्या सुंडलसाठी, उसळीसाठी, चणे उपसत होते, मला सगळं ऐकू येत होतं.

वन्सं बाहेरून म्हणाल्या, "देवाचं नाव कशाला घालेल ती? तिला आवडतं काय ते घाल. ताटात पिठलं पडलं की दुसरं काही दिसत नाही तिला."

त्याने पिठलं घातलं. फाइल उघडली.

त्याने पहिलं पान वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाला, "पेपरच आहे. शाळेचा."

त्याच्या आवाजात लाज होती, ती मला ऐकू आली. तेवढ्यावर त्याने ते बंद केलं असतं. पण वन्सं उंबऱ्यापर्यंत पुढे आल्या. "गणिताचा आहे का रे? पोरीला जरा दाखव. परकी का आहे ती? रक्ताची आहे. बिचारी रडते रात्रंदिवस."

"आत्या, तसं बरं नाही दिसणार."

"कोणाला दिसणार? घरातल्या घरात. तुला खांद्यावर खेळवला मी, आणि एक कागद देववत नाही?"

"बघतो," तो म्हणाला. "आंघोळ करून येतो. मग प्रिंट काढतो." आणि यंत्र बंद करून तो न्हाणीघरात गेला. माझा मुलगा 'नाही' म्हणायच्या ऐवजी 'बघतो' म्हणतो, आणि मग ते करतो.

मी हात पुसले. भांडून उपयोग नव्हता. वन्संनी रडून घर डोक्यावर घेतलं असतं आणि मुलगा विरघळला असता. यंत्र कसं लपवायचं ते मला येत नव्हतं, त्याची वायर कुठली ओढायची तेही नाही. मला येत होती ती पूजा.

गंधाची वाटी घेतली. पडद्याला गंध लावलं, वर कुंकू. बटणांच्या पाटीला लावलं. खालच्या पेटीला लावलं, जिथून ते सुरू होतं तिथे जरा जास्तच. झेंडूची माळ घातली. पोरीची गणिताची पुस्तकं आणून वर रचली, फुलं वाहिली, समई लावली, आरती ओवाळली. देवावर माझा फार भार नाही, पण त्या दिवशी मंत्र खणखणीत म्हटले.

मुलगा ओल्या केसांनी आला आणि दारात थांबला. "आई, पूजा देवघरात मांडतो ना आपण?"

"तुझं देवघर लहान आहे. हे मोठं आयुध, हलवता येत नाही. झाली पूजा. उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"पण आत्याला तो कागद..."

"विचार आत्याला. आज पूजेतलं काढून वापरलं तर चालतं का, विचार. त्यांच्याएवढं कोणाला कळतं?"

वन्संनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. इतकी वर्षं एका चुलीवर काढलेल्या बायका आम्ही. त्यांना सगळं कळलं होतं. पण स्वतःच्या पोराला जे दिलं नव्हतं, ते आता कसं द्या म्हणणार?

"नाही चालत," त्या शेवटी म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "तू फार शिकलीस गं."

"पाचवी," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने सून आली. मी तिला पायसुद्धा धुवू दिले नाहीत. ओसरीवरच सांगून टाकलं, नवऱ्याने शब्द ओळखला, पहिलं पान बघितलं, पुढे काही झालं नाही. ती पिशवी धरून तशीच पायरीवर बसली. म्हणाली, "गेलं आई. माझं टेबल गेलं."

"रडायचं असेल तर रड. पण आधी पुनर्पूजा करू."

विजयादशमीला आमच्याकडे पूजेतलं पुस्तक काढून प्रत्येकाने चार ओळी वाचायच्या, चार अक्षरं लिहायची, असं आहे. पोरीने पुस्तक उघडलं. सुनेने गंध पुसून कॉम्प्युटर लावला आणि नवा पासवर्ड घातला. तीच तिची त्या दिवशीची अक्षरं. मुलगा दारात उभा होता. त्याने विचारलं नाही, आणि नजर दुसरीकडे वळवली.

शाळेला सुट्टी होती, म्हणून ती मोठ्या बाईंच्या घरी गेली. नवऱ्याने पान बघितलं, असं सरळ सांगितलं. मी म्हटलं होतं, सांगू नकोस. तिने माझं ऐकलं नाही, ते बरंच झालं. बाई खूप बोलल्या म्हणे. मग गणिताच्या शिक्षिकेकडून नवा पेपर काढून घेतला आणि टाइप करायला तिलाच दिला. पोर त्या परीक्षेत नापास झाली. मग सून रोज संध्याकाळी तिला गणित शिकवायला बसू लागली. वन्सं उंबऱ्याबाहेर बसून ऐकत. सुनेला त्यांनी कधी बरं म्हटलं नाही, पण पिठलं केलं की पहिला डाव तिच्या ताटात पडू लागला.

जूनमध्ये तिला टेबल मिळालं.

विजयादशमीचंच एक राहिलं. नवा पासवर्ड घातल्यावर सून चुलीपाशी आली आणि माझ्या कानाला लागली. "आई, तुम्हाला सांगून ठेवते. कोणाला तरी माहीत असावा. मी विसरले तर?"

मी तिचं तोंड हाताने बाजूला केलं. हाताला पीठ होतं, ते तिच्या गालाला लागलं.

"मला सांगू नकोस," मी म्हटलं. "मी या घरातलीच आहे."